हृदयाच्या फळीवरचे दोनशे बारा

गठ्ठेभाऊंच्या स्वयंपाकघरात ‘साखर’ लिहिलेल्या बरणीत मीठ असतं, हे आमच्या अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे, कारण त्यांच्याकडचा चहा अख्ख्या इमारतीने एकदा तरी बेसिनमध्ये थुंकलेला आहे. दोष वहिनींचा नाही. नव्या घरात सामान लावताना मिठाच्या बरणीवर साखरेची पुडी ठेवलेली होती. भाऊंनी पुडी पाहिली आणि झाकणावर ठसठशीत अक्षरात ‘साखर’ लिहून टाकलं. पुडी चार दिवसांत संपली, अक्षर मात्र वीस वर्षं राहिलं. वहिनींनी पुसायला घेतलं की भाऊ म्हणायचे, राहू दे, आपल्याला माहीत आहे ना. घरच्यांना माहीत असतं हो, पण पाहुणे आले की गडबडीत हात अक्षराकडे जातो आणि पाहुण्यांचं तोंड खारट होतं.

हीच पद्धत ते नोकरीतही चालवत होते, आणि तिथे ती कुणाच्या जिभेला कळत नव्हती.

नोकरी इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून असलेल्या रेकॉर्डरूममध्ये. माणूस बरा होऊन घरी गेला काय, वर गेला काय, त्याची फाईल खाली भाऊंकडेच यायची. त्यांनी पानं लावायची, पुठ्ठ्यावर नाव, नंबर, तारीख घालायची, मृत्यू असेल तर लाल फीत बांधायची आणि ‘कारण’ या रकान्यात एक शब्द लिहून त्या त्या कारणाच्या फळीवर गठ्ठा चढवायचा. चाळीस-चाळीस पानांची फाईल कोण वाचतो? आधीच्या रेकॉर्डवाल्याने निवृत्त होताना कानमंत्र दिला होता: शेवटची ओळ वाच, बाकी सगळी रद्दी. आणि डॉक्टर दमून, सही मारायच्या घाईत, शेवटच्या ओळीत काय लिहिणार? हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. मग भाऊ पुठ्ठ्यावर लिहायचे: हृदय.

सव्वीस वर्षांत हृदयाची फळी भरून भिंतीपलीकडे वळली. रक्तस्रावाच्या फळीवर कोळ्यांनी संसार मांडला होता. कुणी परका माणूस तिथे उभा राहिला असता तर त्याला वाटलं असतं, इथले लोक फक्त प्रेमभंगानं मरतात.

त्या फळीवर भाऊंच्या वडिलांचीही फाईल होती. पुठ्ठ्यावर अक्षर भाऊंचंच.

वडील घड्याळं दुरुस्त करायचे. अकरा वर्षांपूर्वी लघवीच्या त्रासासाठी त्यांचं छोटंसं ऑपरेशन झालं, नळी घातली, आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. त्याच्या आदल्या दिवशी धाकटी, म्हणजे भाऊंची बहीण, त्यांना भेटायला गेली होती. नवऱ्याचं घर कायमचं सोडल्याचं तिने बापाला तिथेच खाटेवर सांगितलं. वॉर्डात तिचा आवाज चढला होता, हे शेजारच्या खाटेवाल्यांनी आईला सांगितलं. आईने दोन आणि दोन पाच केले. लेकीने बापाचं काळीज फोडलं, हे वाक्य तिने मयताला आलेल्या प्रत्येकाला ऐकवलं. धाकटी कॉरिडॉरमध्ये भाऊंची बाही धरून सांगत होती, “दादा, बाबांचे हात भाजत होते. मी सिस्टरला तीनदा सांगितलं.” भाऊ म्हणाले, आता गप्प बस. मग ते तळघरात गेले, फाईल आली होती तिची शेवटची ओळ वाचली, पुठ्ठ्यावर शब्द लिहिला आणि संध्याकाळी घरी येऊन आईला म्हणाले, “कागदावर हृदयच आहे, आई.”

झालं. कागदाचा शिक्का बसला आणि धाकटीला घराचं दार बंद झालं. तिचा फोन आला की आई रिसीव्हर उचलून टेबलावर आडवा ठेवायची, बोलून बोलून थकेल आपोआप म्हणून. धाकटीने पुढे गाडी शिकवायचा परवाना काढला. भाऊंच्या मुलीच्या लग्नाला तिला बोलावणं नव्हतं. त्या दिवशी आमच्या रस्त्यावरून ‘शिकाऊ’ पाटीची एक गाडी दुसऱ्या गिअरमध्ये तीनदा गेली, एवढं आम्ही सगळ्यांनी पाहिलं. शिकणाराही बिचारा घामाघूम झाला असेल, एकाच वळणावर तीन तीनदा! भाऊ दारात पाहुण्यांना पाणी देत उभे होते. त्यांनीही पाहिलं. मग ते कुणाची तरी चप्पल सरळ करायला वाकले, ते गाडी जाईपर्यंत वाकलेलेच राहिले.

अशी अकरा वर्षं गेली. मग तळघरात डॉक्टरीणबाई उतरल्या.

वयाने भाऊंच्या मुलीएवढ्या, हातात वह्यांचा जाड गठ्ठा. त्यांना अभ्यास करायचा होता. अतिदक्षता विभागात शॉकने गेलेले बारा वर्षांतले सगळे रुग्ण घ्यायचे, त्यांचे प्रकार पाडायचे आणि कुठल्या प्रकारात कुणाला काय लक्षणं होती ते शेजारी शेजारी मांडून पाहायचं. त्यांनी पुठ्ठे बघत बघत हृदयाच्या फळीवरून दोनशे बारा फायली उतरवून घेतल्या, पहिल्या पाच उघडल्या आणि हसायला लागल्या. हे लिहिणारा कोण हो, असं त्यांनी सहज विचारलं. भाऊंनी खुर्चीची धूळ पुसली. पुसलेलीच होती, पुन्हा पुसली.

बाईंनी मग समजावलं. तुमच्या इमारतीत पाणी कसं चढतं, असं विचारलं. हा प्रश्न भाऊंना का विचारावा! सोसायटीचे चिटणीस तेच. दोन वर्षांपूर्वी चौथ्या मजल्यावर पाणी येईना, म्हणून सगळ्यांनी पंपाच्या नावाने खडे फोडले होते. भाऊंनी नवा पंप बसवला. पंप नवा, बोंब जुनी. शेवटी पाहिलं तर गच्चीवरची टाकी मागून तडकलेली, पाणी भिंतीतून शेजारच्या बागेला. त्यांची पपई मात्र त्या साली अशी धरली की विचारू नका.

“तसंच,” बाई म्हणाल्या. “रक्तदाब कोसळला, अवयवांना रक्त पोचेना, की माणूस शॉकमध्ये गेला. पण का कोसळला? कुणाचा पंप बिघडतो, तो हृदयाचा शॉक. कुणाची टाकी गळते, रक्त वाहून जातं. आणि कुणाच्या अंगात जंतूंचं विष पसरून पाइपच सैल पडतात. शेवटी पंप तिघांचाही थांबतो, भाऊ. तुम्ही तिघांनाही पंपाच्या नावावर चढवलंय.”

‘तुम्ही’ म्हणाल्या. म्हणजे कळलं होतं त्यांना.

बाईंच्या हाताखाली कुणी नव्हतं, म्हणून तक्ते भरायचं काम त्यांनी भाऊंनाच शिकवलं. वय, किती तास लागले, नाडी, रक्तदाब, ताप, हातपाय गार की गरम, लघवी किती, तपासण्या काय. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा भाऊ फाईल पहिल्या पानापासून वाचायला लागले. आणि मंडळी, माणसाला वाचायची सवय नसली की एकदम फार वाचलेलं बाधतं. चार दिवसांत ते पानं न बघता ओळखायला लागले. हृदयाची माणसं छातीवर हात ठेवून आलेली, घामाने गार, श्वासाला खरखर, काही तासांतच आटोपलेली. रक्त गेलेली माणसं बहुतेक तरणी, पांढरीफटक, पाणी पाणी करत गेलेली. आणि जंतूंची माणसं? त्यांचे हातपाय सुरुवातीला गरम. हुडहुडी, ताप, धावणारी नाडी, बरळणं. ती एक-दोन दिवस घेतात. आधी निरोप धाडतात आणि मग जातात, निरोप घ्यायला कुणी जागेवर नसतं एवढंच.

दोनशे बारांपैकी सत्त्याण्णव फायली भाऊंनी आपल्या हाताने हृदयाच्या गठ्ठ्यातून काढून दुसऱ्या गठ्ठ्यांत ठेवल्या. घरी जेवताना ते घास हातात धरून बसायचे. वहिनींना वाटलं, दाढ दुखतेय. मधल्या एका फाईलला मात्र ते हात लावत नव्हते. रोज ती गठ्ठ्याच्या तळाशी जायची आणि रोज गठ्ठा कमी झाला की पुन्हा वर यायची. शेवटी टेबलावर तेवढी एकच उरली. आता कुठे लपवणार?

एका दुपारी, धुलाईखान्याची यंत्रं घरघरत असताना, भाऊंनी लाल फीत सोडली. नर्सच्या नोंदीचं पान निळ्या शाईतलं होतं.

सकाळी ९.४० – हुडहुडी भरली. ताप १०२.

दुपारी २.१० – मुलगा (रेकॉर्डवाले) भेटून गेला. थंडी वाजते म्हणून पंखा बंद करून पांघरूण दिले. झोप लागली आहे, उठवून ताप पाहू नये, असे सांगून गेला.

सायं. ५.१५ – मुलगी आली. अंग भाजते आहे असे सांगितले. ताप १०४, नाडी १३२, हातपाय गरम व लाल. लघवी कमी, गढूळ.

५.४० – मुलगी पुन्हा आली. डॉक्टरांना निरोप दिला.

६.१० – मुलगी पुन्हा आली. मोठ्याने बोलली. डॉक्टर आले.

६.३० – रक्तदाब ७८/४०. अतिदक्षता विभागात हलवले.

भाऊंनी तक्ता भरला. प्रत्येक रकाना भरला, एकही सोडला नाही. ताप सकाळी पावणेदहालाच होता. धाकटी आली सव्वापाचला. मधल्या वेळात त्या खाटेपाशी गेलेला घरचा माणूस एकच, आणि तो इस्पितळातला माणूस म्हणून नर्सने त्याचा शब्द मानला होता. रेकॉर्डवाले सांगताहेत म्हटल्यावर कोण उठवून ताप बघतंय! त्या दिवशी वरच्या साहेबांची तपासणी होती, भाऊंना खाली फळ्या नीट लावून ठेवायच्या होत्या. बाप झोपला म्हणून त्यांना बरंच वाटलं होतं.

ती फाईल त्यांनी स्वतः बाईंच्या पुढ्यात ठेवली, हे माझे वडील, असं सांगून. आणि विचारलं, ही जंतूंच्या गठ्ठ्यात घालायची ना? तसं एका कागदावर लिहून मिळेल का? घरी दाखवायचं आहे.

बाईंनी सगळं वाचलं. दुपारच्या ओळीपाशी त्या थांबल्या. मग पानं मागेपुढे केली आणि विचारलं, रक्तातल्या आणि लघवीतल्या जंतूंच्या तपासणीची चिठ्ठी कुठे आहे? ती चिठ्ठी दोन-तीन दिवसांनी येते, म्हणजे माणूस गेल्यावर आली असणार, पण फाईलला लागायला हवी होती.

लागली होती. भाऊंनीच लावली होती. आणि सहा वर्षांपूर्वी फळ्या वाकल्या तेव्हा वरून हुकूम आला, जुन्या फायली हलक्या करा. भाऊंनी अंगठ्याला थुंकी लावून चार वर्षांपलीकडच्या सगळ्या पातळ चिठ्ठ्या उपसून रद्दीच्या पोत्यात भरल्या. त्या कामगिरीबद्दल साहेबांनी त्यांची पाठ थोपटली होती. इतकी सुबक रेकॉर्डरूम कुठे नाही म्हणाले.

“मला विचाराल तर जंतुसंसर्ग,” बाई हळूच म्हणाल्या. “कागदाला विचाराल तर त्याला माहीत नाही. मी असं लिहून देऊ शकत नाही, भाऊ. आणि ही फाईल अभ्यासातही धरता येणार नाही. अपूर्ण आहे.”

अशा एकतीस फायली अपूर्ण निघाल्या. त्या वेगळ्या बांधून ठेवल्या. अकरा वर्षं बाप चुकीच्या फळीवर होता, आता कुठल्याच फळीवर नव्हता.

त्याच आठवड्यात भाऊ मैदानाच्या कडेला उभे राहिले. तिथे धाकटी लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवते. शिकणारा उतरला तेव्हा ते त्याच्या जागेवर, स्टिअरिंगमागे, जाऊन बसले. त्यांना गाडी येत नाही. पण पुढे दुसरी जागाच मोकळी नव्हती. धाकटी तिच्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून बसलेली. तिने काय हवंय असं विचारलं नाही. भाऊंनी निळ्या पानाची प्रत काढून तिच्या मांडीवर ठेवली आणि बाबांना जंतूंनी नेलं, तू नाही, हे सांगायला त्यांनी पाच मिनिटं घेतली. मध्ये पंप आला, टाकी आली, शेजाऱ्यांची पपईसुद्धा आली.

धाकटीने पान वाचलं नाही, घडी तशीच ठेवली.

“हे मी तुला कॉरिडॉरमध्ये सांगितलं होतं, दादा. तेव्हा तोंडानं सांगितलं म्हणून खोटं. आता निळ्या शाईत आहे म्हणून खरं.”

भाऊ म्हणाले, मला तेव्हा माहीत नव्हतं.

“तुला माहीत करून घ्यायचं नव्हतं. पंखा तू बंद केलास आणि ताप बघू नका म्हणालास, हे मला बाबांनीच सांगितलं त्या संध्याकाळी. हसत सांगितलं. म्हणे, तुझा भाऊ इथला साहेब झालाय, सिस्टर त्याचं ऐकतात. मी नवरा सोडला म्हटल्यावर म्हणाले, आधीच का नाही सांगितलंस. बास, एवढंच भांडण झालं आमचं.”

म्हणजे ती अकरा वर्षं ही गोष्ट पोटात घेऊन गाडी चालवत होती. एक वाक्य आईच्या कानावर घातलं असतं तर दार तिच्यासाठी उघडलं असतं आणि भाऊंवर बंद झालं असतं, असं निदान तिला वाटत असणार. का नाही सांगितलंस, असं भाऊंनी विचारलं. ती म्हणाली, आईला एक तरी पोर हवं होतं ना घरात. मग तिने एकच अट घातली. रविवारी मी येते. माझ्या समोर आईला सगळं वाचून दाखव. दुपारच्या ओळीसकट.

रविवारी दुपारी ‘शिकाऊ’ पाटीची गाडी इमारतीखाली थांबली आणि चारही मजल्यांवरच्या खिडक्यांत एकाएकी कपडे वाळत घालायचं काम निघालं. धाकटी अकरा वर्षांनी जिना चढली. वहिनींनी दार उघडलं, तिला जवळ घेतलं आणि गडबडीत चहा टाकायला धावल्या. आई पलंगावर बसलेली. तिने लेकीकडे पाहून भिंतीकडे पाहिलं. धाकटी दाराजवळच्या खुर्चीवर बसली, चप्पल पायातच ठेवून.

भाऊ उभे राहून वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून. दुपारी दोन दहाच्या ओळीपाशी ते अडले. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच थबकल्या. इथे नजर चुकवून खालच्या ओळीवर उडी मारली असती तर आईला कळणार नव्हतं, तिला वाचता येत नाही. धाकटी बघत होती. भाऊंनी ओळ वाचली, ‘रेकॉर्डवाले’ हा शब्दसुद्धा गाळला नाही. मग मुलगी आली, पुन्हा आली, पुन्हा आली, मोठ्याने बोलली, हेही वाचलं. आणि कागद खाली करून म्हणाले, “आई, तिच्यामुळे नाही. मी ताप बघू दिला नाही. चूक माझी.”

आईने पदराच्या टोकाला पीळ घातला. भाऊंनी मान खाली घातली होती, शिव्या झेलायला.

“तू काय डॉक्टर होतास?” आई म्हणाली. “बाप झोपलाय, त्याची झोप मोडू नये असं वाटलं तुला. मायेपोटीच ना. कशाला जिवाला लावून घेतोस, वाळलास बघ किती.” मग पहिल्यांदा तिने लेकीकडे वळून पाहिलं. “पण तू दवाखान्यात एवढं ओरडायला नको होतंस. चार माणसं असतात.”

वहिनींनी कपबशी धाकटीपुढे धरली. धाकटी हसली. खरंच हसली, खोटं नाही, कपाळाला हात लावून. तिने चहाचा कप घेतला, एक घोट घेतला, आणि कप बशीत परत ठेवला.

“अजून ती बरणी तशीच आहे?” एवढंच तिने वहिनींना विचारलं.

जाताना भाऊ तिच्या मागे जिन्यापर्यंत गेले. ती दोन पायऱ्या उतरून थांबली. म्हणाली, “तू वाचलंस, ते ऐकलं मी. पण बघ ना, दादा. तुझ्या मायेला दोन मिनिटं लागली. माझ्या ओरडण्याला माया म्हणायला अकरा वर्षं अजून पुरेनात.” भाऊंनी पुढच्या रविवारी येशील का असं विचारलं, की विचारायचं मनात आणलं, ते नीट ऐकू आलं नाही, गाडी सुरू झाली होती. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आई मात्र आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, लेक येऊन गेली, चहासुद्धा अर्धा टाकून गेली, ताठा अजून गेलेला नाही.

बाईंचा अभ्यास छापून आला. त्यात तक्ते आहेत, कुणाचे हात गार आणि कुणाचे गरम, कोण किती तासांत गेलं. खाली बारीक अक्षरात लिहिलंय: एकतीस नोंदी अपूर्ण असल्याने वगळल्या.

भाऊंनी त्या एकतीसांतून वडिलांची फाईल सोडवली, पुठ्ठ्यावरचं ‘हृदय’ खोडलं. आता रकान्यात काय लिहायचं? जंतू लिहायला चिठ्ठी नव्हती. कारण बदलायचा अधिकार डॉक्टरांचा, रेकॉर्डवाल्याचा नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: मुलगी तीनदा सांगून गेली.

महिनाभराने तपासणीला आलेल्या साहेबांच्या नजरेला ते पडलं. शासकीय पुठ्ठ्यावर खासगी मजकूर लिहिल्याबद्दल भाऊंना मेमो मिळाला, दीड पानी. पूर्वीचे भाऊ असते तर शेवटची ओळ बघून सही करून मोकळे झाले असते. ते खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. साहेब उभेच होते. भाऊंनी त्यांना थांबायला सांगितलं.